ओल्या पोत्याखालचा गुडघा

माझ्या मेहुण्याला सगळे पाणसळ म्हणतात. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती लांबट पट्टी. तिच्या मधोमध काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधे थांबला की जमीन सपाट. मेहुणा चाळीस वर्षं फरश्या बसवतो आहे आणि ही पट्टी त्याच्या काखेत नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. कुठे चहा प्यायला बसलो तरी आधी पट्टी टेबलावर ठेवणार, वाकून बघणार आणि म्हणणार, "भाऊजी, कप इकडे घ्या, तिकडे उतार आहे."

माझं लग्न ठरलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आमच्या घरी पहिल्यांदा आला तो कोणाशी धड बोलला नाही. खोल्याखोल्यांतून टाच आपटत फिरला आणि परत जाऊन बहिणीला म्हणाला, "माणूस बरा वाटतो, पण स्वयंपाकघरात चार फरश्या पोकळ आहेत." माझ्या बायकोने ही गोष्ट आजवर शंभर जणांना तरी सांगितली असेल. त्या चार फरश्या त्याने पुढे स्वतः काढून नीट बसवून दिल्या.

त्याच्या गुडघ्याची हकिगत लिहून द्या, असं त्याच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला सांगितलं. त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांना बसल्या बसल्या वाचायला होईल म्हणाल्या. मी पत्रांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही, आणि हे कितपत जमेल याची मला शंकाच आहे. पण हे सगळं घडत होतं तेव्हा मी तिथे होतो. शिवाय एका ठिकाणी मी बोलायला हवं होतं आणि बोललो नाही. म्हणून हो म्हटलं.

फरशीचं काम गुडघ्यांवर चालतं. दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीशी सुरुवात करायची. माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि वाळू, पसरायचा, फरशी ठेवायची, लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे, दोरीशी जुळवायची, पाणसळ ठेवून बघायचं आणि वीतभर मागे सरकायचं. असं मागे मागे येत शेवटची फरशी दारात. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या त्याला दोनदा आणून दिल्या. दोन्ही जोड्या घरातल्या खुर्च्यांच्या पायांना गेल्या. "जमीन मला गुडघ्यातून कळते," तो म्हणायचा. "मधे कापूस घेतला तर काय कळणार?"

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग नुसतं बसल्या जागी. आत काहीतरी कट् वाजायचं. त्याने कोणाला सांगितलं नाही. एका घरात तिसऱ्या मजल्यावर काम संपवून शेवटची फरशी दारात बसवली आणि त्याला उठताच येईना. मागे सरकत तो दाराबाहेर आला आणि चौकट धरून बराच वेळ तसाच राहिला. घरमालकाला वाटलं, हा दाराखालची फट बघतोय. "किती बारकाईने बघता हो!" तो कौतुकाने म्हणाला. मेहुणा म्हणाला, "बघावं लागतं."

घरी मात्र लपलं नाही. बूट घालताना जमिनीवर बसणारा माणूस पलंगावर बसायला लागला, एवढंच वहिनीने पाहिलं आणि माझ्या बायकोला फोन केला. बायको मला म्हणाली, "तुम्ही रिकामेच आहात. घेऊन जा त्याला. एकटा गेला तर डॉक्टरच्या खोलीची फरशी बघून परत येईल."

हाडांचे डॉक्टर पन्नाशीचे, शांत होते. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा गुडघा होता. तो उघडून त्यांनी दाखवलं. "दोन्ही हाडांच्या टोकांवर ही गुळगुळीत गादी असते. कूर्चा म्हणतात हिला. तुमची आतल्या बाजूची झिजली आहे, आणि एका ठिकाणी तडा आहे."

मेहुण्याने एक्स-रे हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. "इथली फट कमी झालीय."

"बरोबर. तुम्हाला लगेच दिसलं?"

"जन्मभर फटीच बघतोय. मग उपटून नवी बसवायची का?"

"त्याला ऑपरेशन म्हणतात. तुम्ही अजून त्याच्या जवळपासही नाही."

"मग आत माल भरा."

डॉक्टर हसले. "गादी परत उगवत नाही, हे आधीच सांगतो. पहिल्यासारखी करून देतो असं कोणी म्हणालं तर जरा जपून. पण तिच्यावरचा भार कमी करता येतो." मग त्यांनी एकेक सांगितलं. मांडीचे स्नायू भक्कम झाले की गुडघ्याचा बराच ताण ते घेतात, म्हणून आधी व्यायाम. वजन सात-आठ किलो उतरवायचं. चालताना काठी, आणि ती डाव्या हातात.

"दुखतोय उजवा आणि काठी डाव्या हातात?" मेहुणा म्हणाला.

"चालून बघा. उजवा पाय पुढे जातो तेव्हा कोणता हात पुढे जातो?"

मेहुणा खोलीत चार पावलं चालला, हाताकडे बघितलं आणि गुपचूप खाली बसला.

जास्त दुखेल तेव्हा मलम लावायचं. गोळ्या थोडेच दिवस, कारण रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास. आधाराला पट्टा. आणि इंजेक्शनं दोन-तीन तऱ्हांची: एक सूज उतरवणारं, एक वंगणासारखं, एक आपल्याच रक्तातून काढलेलं. "काहींना गुण येतो, काहींना येत नाही. कोणाला येईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ती नंतर. आधी तीन महिने व्यायाम."

"आणि काम?" मेहुण्याने विचारलं. आल्यापासून हाच प्रश्न त्याच्या तोंडाशी होता, हे मला दिसत होतं.

"गुडघे टेकून सध्या नाही."

"सध्या म्हणजे?"

"तीन महिन्यांनी बघू. कदाचित जमेल. कदाचित नाही जमणार."

बाहेर जिन्यावर तो कठडा धरून थांबला. "भाऊजी," तो म्हणाला, "मला उभ्याने काही येत नाही हो." एवढंच म्हणाला. अशा वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही. सुचतं ते दोन दिवसांनी.

व्यायामाचं केंद्र म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर आरसा, कोपऱ्यात जागच्या जागी चालवायची सायकल, आणि मधोमध कमरेइतक्या उंचीच्या दोन समांतर दांड्या. लोक त्या धरून चालायला शिकतात. व्यायामाच्या बाई तिशीच्या, चपळ, बोलायला तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी टेपने त्याच्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दीड सेंटिमीटर बारीक निघाली. "दुखतं म्हणून तुम्ही हा पाय कमी वापरता. कमी वापरता म्हणून तो बारीक होतो, आणि बारीक होतो म्हणून जास्त दुखतं," त्या म्हणाल्या.

त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. दांड्यांच्या मधल्या वाटेवर एका फरशीवर त्याने टाच आपटली. "ही पोकळ आहे. हलतेसुद्धा. कोणी बसवली?"

"मला काय माहीत? मी भाड्याने घेतली तेव्हापासून अशीच आहे."

खुर्चीत विणकाम करत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "माझी काठी अडकते हो तिथे रोज." या आजी ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. व्यायाम दहा मिनिटं करायच्या आणि विणकाम तासभर.

"बरे झालात की तुम्हीच बसवून द्या," बाई म्हणाल्या. "पण माझी अट आहे. हाताचा आधार न घेता जमिनीवर गुडघे टेकायचे आणि उठून दाखवायचं. तोपर्यंत त्या फरशीला हात लावायचा नाही."

मेहुण्याने दहा दिवस व्यायाम केला. म्हणजे केल्यासारखा केला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. "हे काय औषध आहे?" तो म्हणायचा. "मी इथे टॉवेल चेपतोय आणि आत हाडं घासतायत." मग तो डॉक्टरांच्या मागे लागला, की इंजेक्शन द्याच. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ऐकलं आणि वंगणाचं इंजेक्शन दिलं. निघताना म्हणाले, "दोन दिवस जपा, मग परत बाईंकडे जा."

आता मी न बोललो ती गोष्ट.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मेहुणा पलंगावर उताणा. उजवा पाय दोन उशांवर सरळ ताठ. गुडघ्याभोवती धुतलेलं ओलं पोतं गुंडाळलेलं, खाली प्लास्टिकचा कागद, आणि नडगीवर पाणसळ. बुडबुडा बरोबर मधे. वहिनी हातात तांब्या घेऊन उभी होती आणि पोत्यावर थोडं थोडं पाणी ओतत होती.

"डॉक्टरांनी सांगितलं का हे?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? नवा माल भरलाय. सात दिवस भार द्यायचा नाही, हलवायचं नाही, ओलं ठेवायचं. चाळीस वर्षं लोकांना हेच सांगतोय. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या फरश्या उखडल्या."

वहिनी म्हणाली, "काल पायावर मुंगी चढली. यांनी मला हाक मारून ती काढायला लावली, पण पाय हलवला नाही. संसारात इतका संयम कधी दिसला नव्हता."

"तू पाणी मार," मेहुणा म्हणाला. "डावीकडे सुकलंय."

मला जरा विचित्र वाटलं. डॉक्टर दोन दिवस म्हणाले होते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तो इतक्या खात्रीने बोलत होता, आणि फरशीतलं मला काय कळतं, असं मनाशी म्हणून मी चहा प्यालो आणि घरी आलो. तिथे प्रश्न फरशीचा नव्हता, गुडघ्याचा होता, हे मला रस्त्यात कळलं. तरी परत फिरलो नाही.

आठव्या दिवशी पोतं सोडलं. गुडघा वाकेना. काटकोनाच्या अलीकडेच अडायला लागला. पलंगावरून उतरताना मांडी लटलट कापत होती. मेहुणा घाबरला. तसाच काठी टेकत माझ्याबरोबर बाईंकडे आला.

"आठ दिवस कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. माल, भार, पोतं, दिवसातून पाच वेळा पाणी. बाई ऐकत होत्या. मग एकदम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. विणकामवाल्या आजींनी मात्र लपवलं नाही. सुया मांडीवर टाकून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अहो फरशीवाले, पोतं अंगभर गुंडाळायचं होतंत, सगळेच पक्के झाला असतात!"

बाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. हातात भांडी घासायचा स्पंज होता, बेसिनवरून उचललेला.

"काका, तुमच्या या गादीला रक्त पोचवणारी नळी नाही. सांध्यात जे पाणी असतं ते पिऊन ती जगते. पिते कशी? हे बघा." त्यांनी स्पंज दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "दाब पडला की जुनं बाहेर, सुटला की नवं आत. चालताना हेच होतं. टॉवेल चेपताना, सायकल चालवताना हेच होतं. तुम्ही सात दिवस हलला नाहीत. बाहेरून पाणी मारलंत आणि आत तिला तहानलेली ठेवलीत."

मेहुण्याचा चेहरा पडला. त्याला कोणी मूर्ख म्हटलं असतं तर तो भांडला असता. पण आपल्या हाताखालच्या कामाला पाणी कमी पडलं, हे त्याला फार लागलं. "असं तर कोणी सांगितलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

बाईंनी टेपने मांडी मोजली. "दोनच्या वर गेला फरक."

"तुमची टेप कापडी आहे. ताणते." त्याने खिशातून दोरी काढली, फरश्या जुळवायची. आधी डाव्या मांडीला गुंडाळून गाठ मारली, मग त्याच टोकापासून उजवीला. दोन्ही गाठींतलं अंतर आपल्या पोलादी टेपवर धरलं. दोनदा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं. "दोन सेंटिमीटर, वर तीन मिलिमीटर," तो म्हणाला, आणि दोरीची गुंडाळी करून खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्याने बाईंशी वाद घातला नाही. माणसाचं तो ऐकत नाही, मापाचं ऐकतो.

परतताना रस्त्यात म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तिसऱ्या दिवशी आला होतात ना? तुम्हाला शंका नाही आली?"

"आली होती."

"मग बोलायचं ना!"

पुढचे पाच महिने, आठवड्यातून तीनदा, मी त्याच्याबरोबर जात राहिलो ते थोडं त्यामुळे. बाईंनी मलाही काम लावलं. त्याने पाय उचलायचा आणि मी मोठ्याने मोजायचं. दहा-बारा अनोळखी लोकांसमोर "एक, दोन, तीन" ओरडायचं माझ्या जिवावर यायचं. पहिल्या दिवशी माझा आवाज सायकलच्या आवाजात बुडाला. आजी म्हणाल्या, "मोठे काका, गुडघा त्यांचा दुखतोय, घसा तुमचा नाही." मग लागला आवाज.

घरी त्याची पद्धत त्याने स्वतः बसवली. पाय सरळ उचलायचा तेव्हा नडगीवर पाणसळ ठेवायची आणि तिच्यावर नजर ठेवून पाय सावकाश उचलायचा, सावकाश खाली आणायचा. झटका बसला तर पट्टी घसरून पडायची आणि ती खेप मोजायची नाही. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी आणखी दोघांच्या पायांवर पट्ट्या ठेवल्या. दर रविवारी मांडीभोवती दोरी. माप दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने. दोन, पावणेदोन, दीड. दिवसाचे सहा गोड चहा होते, त्यांचे दोन बिनसाखरेचे झाले. वहिनी म्हणाली, "तीस वर्षं चहात साखर कमी म्हणून माझं डोकं खाल्लं. आता चमचा दिसला की माझा हात धरतात." चार महिन्यांत वजन सहा किलो उतरलं. दुखणं गेलं नाही, पण जिना उतरताना तो आता आडवा उतरत नव्हता.

हे सरळ रेषेत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या महिन्यात जरा बरं वाटलं आणि हा कोणाला न सांगता एका जुन्या ओळखीच्या कामावर गेला. चार तास गुडघे टेकून बसला. दुसऱ्या दिवशी गुडघा पपईसारखा सुजला. मला फोन आला. "भाऊजी, संपलं. डॉक्टरांकडे चला. कापायला सांगतो."

या वेळी मी लगेच बोललो. "आधी बाईंकडे जाऊ," म्हटलं. तो इतका चकित झाला की ऐकलं.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "किती वेळ टेकला होतात?"

"चार तास."

"आणि दुखायला कधी लागलं?"

तो जरा आठवून म्हणाला, "वीस-पंचवीस मिनिटांत."

"मग पुढचे साडेतीन तास कशाला?"

"काम अर्धवट कसं टाकायचं?"

"काका, सूज आली म्हणजे नवीन काही तुटलं असं नाही. गुडघ्याने तुम्हाला वेळ सांगितली आहे. वीस मिनिटं. हे तुमचं माप. आता ते वाढवायचं का त्याच्याशी भांडायचं, ते तुम्ही ठरवा."

माप म्हटल्यावर त्याने घरी जाऊन दारामागे वीसचा आकडा लिहिला. डॉक्टरांकडेही आम्ही गेलो. त्यांनी गुडघा दाबून बघितला, थोडं पाणी होतं ते उतरेल म्हणाले. मेहुण्याने तरीही ऑपरेशनचं विचारलं. ते म्हणाले, "ऑपरेशन कुठे पळून जात नाही. लागलं तर करू. पण तुमची मांडी भरायला लागली आहे, मग आत्ताच का हात धुऊन मागे लागताय?" रक्तातून काढलेल्या इंजेक्शनचंही त्याने विचारलं, कारण केंद्रात कोणीतरी त्याची फार तारीफ केली होती. "आणखी दोन महिन्यांनी गरज वाटली तर बोलू," डॉक्टर म्हणाले. ती गरज अजून वाटलेली नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी बाईंनी जमिनीवर पातळ चटई टाकली आणि म्हणाल्या, "काका, आज बघू या."

खोलीतले सगळे थांबले. सायकल थांबली. आजींच्या सुयाही थांबल्या. मेहुण्याने काठी माझ्या हातात दिली. डावा पाय पुढे टाकला. मग हळूहळू, नडगीवर पाणसळ असल्यासारखा, खाली गेला आणि उजवा गुडघा चटईवर टेकला. मग डावाही. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. मी मोजायला तोंड उघडलं होतं, पण मोजायचं काय ते कळेना.

"आता वर," बाई म्हणाल्या.

तो उठेचना. बाई एक पाऊल पुढे झाल्या. तेवढ्यात त्याने वाकून बोटाच्या मागच्या पेराने जमिनीवर ठोकलं. चटईच्या कडेची फरशी ठण् वाजली. शेजारची ठण्. दांड्यांच्या मधली ती एक, भद्द. "पूर्ण पोकळ आहे," तो खालूनच म्हणाला. "खाली नुसती वाळू असणार." मग पुन्हा डावा पाय पुढे घेतला आणि कशालाही हात न लावता उभा राहिला.

आजींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "रविवारी केंद्र बंद असतं. किल्ली देते. पण गुडघ्यांना गाद्या बांधायच्या आणि वीस मिनिटांच्या वर नाही."

रविवारी आम्ही दोघे आणि वहिनी गेलो. वहिनीने तिसऱ्यांदा आणलेल्या गाद्या त्याने मुकाट्याने बांधल्या. तिने स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणलं होतं. मी आपला वेळ बघायला. एक फरशी काढून बसवायची म्हणजे पूर्वी त्याला चहा गार व्हायच्या आत जमायचं. आज घड्याळ वाजलं की तो उठायचा, खोलीत दोन फेऱ्या मारायचा, खुर्चीवर बसून पाय सरळ-वाकडा करायचा आणि पुन्हा खाली. कधी गुडघ्यांवर, कधी बुटक्या स्टुलावर वाकून. फरशी निघाली. खाली खरंच वाळू, आणि कोणाची तरी तुटकी कंगवी. तो ती कंगवी बघून इतका संतापला की वहिनीला हसू आवरेना. "अहो, तुमच्या गुडघ्यात निदान कंगवी तरी नव्हती!"

दुपारपर्यंत फरशी बसली. पाणसळ चारी बाजूंनी ठेवून झाली. फटी भरल्या. वहिनीने पिशवीतून ते पोतं काढलं, तेच, आणि भिजवून वर घातलं. मेहुण्याने भोवती खडूने चौकोन काढून लिहिलं: सात दिवस पाय ठेवू नये.

सोमवारी सकाळी बाईंचा फोन. "काका, सात दिवस? अहो, माझी माणसं चालवू कुठे?"

"बाहेर बोळ आहे ना, तिथे चालवा."

"पाच दिवस केले तर?"

"मी तुमचं ऐकलं की नाही?"

बाईंनी सात दिवस लोकांना बोळातून चालवलं. आणि दिवसातून पाच वेळा पोत्यावर पाणीही मारलं, हे आजींनी आम्हाला सांगितलं.

आठव्या दिवशी तो पोतं उचलायला गेला. गुडघ्यावर टेकून फडक्याने फरशी पुसली, उठला आणि टाच आपटली. ठण्. बाई म्हणाल्या, "आता चालू का?"

"आधी आजींना चालू द्या."

विणकामवाल्या आजी दांड्यांच्या मधून निघाल्या. एका हातात दांडी, दुसऱ्यात काठी. त्या बाईंना नातीच्या स्वेटरचं काहीतरी सांगत होत्या, बाही लांब झाली म्हणून. बोलता बोलता त्या फरशीवरून पुढे गेल्या, टोकाला पोचल्या, वळल्या, परत तिच्यावरून आल्या. बाहीचं बोलणं काही थांबलं नाही. खाली बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मेहुण्याने माझा दंड धरला. "बघितलंत ना, भाऊजी? त्यांना कळलंसुद्धा नाही."

त्याचा गुडघा अजून थंडीत सकाळी दुखतो आणि कट् वाजतो. मोठी कामं तो घेत नाही, भिंतींच्या फरश्या जास्त बसवतो. त्या उभ्याने बसवतात, आणि त्या त्याला चांगल्या येतात हे त्याला आत्ता कळलं. छोट्या खोल्यांची जमीन मात्र तो स्वतः करतो. जवळ गजराचं घड्याळ असतं. परवा मी विचारलं, अजून वीसच मिनिटं का? म्हणाला, "तीस झाली. दारामागे लिहिलंय, येऊन बघा."

मी जाऊन बघितलं. लिहिलेलं होतं.